लडाख पायी पाहावा, तोही मे महिन्यात

मे महिन्यात जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या शिवारात फारसं काही उभं नसतं. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, तूर-हरभरा विकून लोक मोकळे झालेले असतात, नांगरट उरकलेली असते. पारावर विषय दोनच, लग्नसराई आणि पाणी. टंचाईच्या वर्षी तर पाण्यापुढे लग्नंही मागे पडतात. याच दिवसांत इथून सरळ उत्तरेला सुमारे सोळाशे किलोमीटरवर, लडाखच्या शाम भागात, जवाची पेरणी चाललेली असते. बर्फ वितळून येणारा ओढा अजून बारीक असतो. त्या बारीक धारेतलं पाणी आज कुणाच्या वावरात जाणार आणि उद्या कुणाच्या, याचा हिशेब गावानं बसवलेला असतो आणि तो पाळलाही जातो.

वर्षातून एकदा बाहेरगावी जाणं ज्यांना परवडतं, अशा मराठवाड्यातल्या माणसांनी लडाख याच दिवसांत पाहावा. गाडीच्या काचेतून पाहू नये, पायी पाहावा; गावातल्या घरात मुक्काम करावा आणि त्याच मुलखातला वाटाड्या सोबत घ्यावा. मंठ्यासारख्या तालुक्याच्या जगण्याशी घट्ट बांधलेल्या दोन गोष्टी, पाणी आणि बुद्ध, त्या पायवाटांवर एकत्र भेटतात. अशा जागा देशात फार नाहीत.

मराठी माणूस लडाखला कमी जातो असं नाही. उन्हाळा जवळ आला की जालना, परभणी, संभाजीनगरात लेहच्या सहलींच्या जाहिराती झळकतात. सहा-सात दिवसांचा कार्यक्रम ठरलेला असतो: विमानानं लेह, मग खारदुंग ला, नुब्रातले दोन मदारींचे उंट, पँगाँगच्या काठी एक रात्र आणि परत. २००९ साली ‘थ्री इडियट्स’ आला आणि पँगाँगचा काठ घराघरांत पोहोचला. तेव्हापासून गर्दी वाढतच गेली. २०११च्या जनगणनेत अख्ख्या लडाखची लोकसंख्या २ लाख ७४ हजार होती; २०२२ या एका वर्षात तिथे पाच लाखांवर पर्यटक येऊन गेले.

या पाच लाखांना पाणी कुठून येतं, हा प्रश्न सहलीच्या पत्रकात नसतो. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. जालना जिल्ह्यात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे सातपट. लडाखच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोरडा संडास होता: वरच्या मजल्यावर बसायची जागा, त्यावर माती-राख लोटायची आणि वर्षभरानं खालच्या खोलीतून खत काढून शेतात न्यायचं. पाण्याचा थेंब लागत नव्हता. हॉटेलं झाली तसे फ्लश आले, शॉवर आले, आणि त्यांना पुरवायला बोअर आले. बोअरच्या वाटेनं गेलेल्या गावाचं पुढे काय होतं, हे मंठा-परतूर भागातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. २०१२-१३च्या दुष्काळात जालना हा राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. ज्यांनी ते वर्ष काढलं, त्यांनी लेहच्या हॉटेलात बादलीभर पाणी वाहवताना दोनदा विचार करायला हवा. आणि खरं तर त्यांनी हॉटेलात राहूच नये, गावात जावं.

गावात जाण्याची सोपी वाट लेहच्या पश्चिमेला, शाम भागात आहे. लिकिर गावातून निघायचं. यांगथांग, हेमिस शुकपाचन, आंग अशी गावं घेत तेमिसगामला उतरायचं. तीन-चार दिवसांची चाल आहे, रोज चार-पाच तासांची. मुक्कामाची गावं साडेतीन हजार मीटरच्या आसपास, म्हणजे लेहच्याच उंचीची. वाटेतल्या खिंडी चार हजारांच्या आतल्या. पट्टीचे गिर्यारोहक या वाटेला पोरांचा ट्रेक म्हणतात आणि पुढे मारखा खोऱ्याकडे किंवा झंस्करकडे वळतात. त्यांचं ते ठीक आहे. मारखाच्या वाटेवर कोंगमारू ला ही पाच हजार मीटरच्या वरची खिंड ओलांडावी लागते. पहिल्यांदाच हिमालयात पाऊल ठेवणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसानं तिच्या नादी लागू नये. शाममध्ये आता गावांना रस्ते पोहोचलेत, काही ठिकाणी पायवाट आणि डांबरी सडक शेजारून जातात. दुर्गमतेचं वेड असणाऱ्याला ते खटकेल. शेती, ओढे, देवळं आणि माणसं बघायला निघालेल्याला मात्र हीच वाट बरी.

उंचीबद्दल मात्र गंभीरपणे बोलायला हवं. मंठा समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे. विमानानं तासाभरात लेहला उतरलेला माणूस एकदम साडेतीन हजार मीटरवर येतो आणि प्रत्येक श्वासात त्याला समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. पहिले दोन दिवस काहीही न करता पडून राहायचं, पाणी पीत राहायचं आणि दारूला शिवायचं नाही, हा नियम पाळला तर बहुतेकांना त्रास होत नाही. डोकेदुखी आणि मळमळ ही पहिली सूचना. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, चालताना झोकांड्या जाणं, बोलण्यात असंबद्धपणा येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता त्या माणसाला खाली न्यावं लागतं. सात दिवसांत सगळं बसवण्याच्या हट्टापायी पहिल्याच दुपारी लोकांना खारदुंग लाकडे, म्हणजे पाच हजार मीटरच्या वर, पळवणं हा बेजबाबदारपणा आहे. पायी वाटेवरचा चांगला वाटाड्या पहिल्या दिवशी सगळ्यात मंद चालणाऱ्याला सर्वांत पुढे ठेवतो आणि बाकीच्यांना त्याच्या मागे. एवढ्या एका गोष्टीवरून त्याची पारख होते.

आता पाण्याकडे.

लडाखच्या गावात ओढ्यापासून कालवा काढलेला असतो, त्याला तिथे युरा म्हणतात. ओढ्याची रात्रीची धार वाया जाऊ नये म्हणून गावाच्या वर तळं बांधलेलं असतं, ते झिंग. रात्रभर ते भरत राहतं. सकाळी पाळी असलेल्या घरातलं कुणी तरी फावडं घेऊन वर येतं. तळ्याच्या तोंडाशी दगड, चिखल आणि गवताची ढेकळं ठासून बोळा बसवलेला असतो. तो फावड्यानं उकरून काढला की पाणी एकदम उसळून कालव्यात पडतं आणि मातीचा गढूळ लोंढा खालच्या वाफ्यांकडे धावतो. खाली घरातलं दुसरं माणूस उभं असतं. एक वाफा भिजला की दोन फावडी माती इकडची तिकडे करायची, पाणी पुढच्या वाफ्यात. मराठवाड्यातला कुठलाही शेतकरी हे बघून हसेल, कारण तो हेच करतो. दारं धरणं आपल्याकडे आहे तसंच तिथे. फरक इतकाच की आपला शेतकरी रात्री वीज येते म्हणून रात्री दारं धरतो, आणि पाणी त्याच्या स्वतःच्या विहिरीचं किंवा बोअरचं असतं. तिथे पाणी गावाचं असतं.

ते गावाचं राहावं म्हणून गाव एक माणूस नेमतं. त्याला चुरपोन म्हणतात. काही गावांत ही जबाबदारी घराघरांत फिरते, काही ठिकाणी गाव निवड करतं. पेरणीच्या दिवसांत कुणाचं वावर आधी, कुणाचं नंतर, वरच्या आळीला किती वेळ आणि खालच्या आळीला किती, हे तो बघतो. भांडण झालं तर त्याचा शब्द चालतो. मोबदला म्हणून अनेक ठिकाणी घराघरांतून त्याला धान्य मिळत आलं आहे. हे सगळं गोड चित्र आहे असं समजू नये. तरुण पोरं सैन्यात, लेहमध्ये, पर्यटनाच्या धंद्यात गेली, तशी ही पद्धत अनेक गावांत सैल झाली आहे. पण पेरणीच्या दिवसांत ती अजून डोळ्यांनी दिसते, आणि मे महिन्याचा आग्रह त्यासाठीच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ओढे भरून वाहतात, तेव्हा पाण्याची वाटणी कुणाच्या लक्षातही येत नाही.

असं काही आपल्याकडे कधी नव्हतंच, असा समज घेऊन मात्र कुणी परतू नये. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याचं पाणी पाटानं फडात यायचं, कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळे मिळून ठरवायचे आणि पाणी फिरवायचं काम पाटकऱ्याचं असायचं. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरला आणि भूमिहीनालाही हक्क मिळाला. हिवरे बाजारमध्ये शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे आणि पावसाचा हिशेब मांडून मगच पिकं ठरतात. जालना तालुक्यातल्या कडवंचीनं पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या बळावर दुष्काळी रानात द्राक्षं पिकवली. म्हणजे उदाहरणांची वानवा नाही. वानवा आहे ती प्रत्येक गावानं आपला पाटकरी नेमण्याची. लडाखमध्ये तो नेमलेला माणूस चालता-बोलता भेटतो, त्याच्याशी बसून बोलता येतं. मंठ्याच्या एखाद्या पाणीपुरवठा समितीच्या सदस्यानं एक दिवस त्याच्यामागे हिंडून काढला, तर दहा कार्यशाळांचं काम होईल.

बर्फ कमी पडायला लागलं, तेव्हा लडाखनं हात टेकले नाहीत. चेवांग नोर्फेल नावाच्या सरकारी अभियंत्यानं १९८७पासून हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी सावलीतल्या उतारांवर अडवून गोठवायला सुरुवात केली. वसंतात तेच बर्फ पेरणीच्या वेळेला वितळतं. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यात तेच पाणी उभ्या शंकूच्या आकारात गोठवून पाहिलं आणि त्याला बर्फाचा स्तूप म्हटलं. उभा असल्यामुळे त्यावर ऊन कमी पडतं आणि तो उशिरापर्यंत टिकतो. प्रत्येक गावाचं नशीब मात्र इतकं चांगलं नाही. झंस्करमधलं कुमिक हे जुनं गाव. त्याचा हिमावर पोसलेला ओढा आटत गेला आणि गावकऱ्यांनी शेवटी खालच्या माळावर नवं गाव वसवायचं ठरवलं. तिथवर पाणी नेण्यासाठी त्यांना नदीपासून नवा कालवा खोदावा लागला. अख्ख्या गावानं घरं सोडण्याचा निर्णय एकत्र बसून घ्यावा, ही गोष्ट मराठवाड्यानं लक्षपूर्वक ऐकायला हवी. आपल्याकडेही गावं रिकामी होतात, पण ती एकेक कुटुंब करून, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर बसून.

आणखी एक. लेहजवळचं स्टोक कांगरी हे सहा हजार मीटरवरचं शिखर हौशी गिर्यारोहकांचं फार आवडतं होतं. पुण्या-मुंबईची कितीतरी पोरं तिथे जाऊन आली. २०२०पासून ते बंद करण्यात आलं. कारण गर्दीनं त्याच्या हिमनदीचं आणि ओढ्याचं जे होत होतं, त्याची झळ खालच्या स्टोक गावाच्या पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याला बसत होती. ट्रेकच्या धंद्यावर ज्यांचं पोट आहे, त्याच लोकांनी हा निर्णय घेतला. महाराष्ट्रातल्या एखाद्या गावानं आपल्या डोंगरावरची सुट्टीची झुंबड थांबवायला असं धैर्य दाखवलं, तर त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं.

बुद्धाकडे वळायचं तर एक आकडा आधी सांगायला हवा. ‘बौद्ध संस्कृतीचा मुलूख’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बर्फ, लाल वस्त्रातले लामा आणि फडफडणाऱ्या पताका येतात. पण २०११च्या जनगणनेप्रमाणे देशात ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांतले सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. चारातले तीन आपल्याकडे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्यानंतर मराठवाड्याच्या गावागावांत विहारं उभी राहिली. मंठा तालुकाही त्याला अपवाद नाही. म्हणजे मंठ्याचा बौद्ध माणूस लडाखला जातो, तेव्हा तो परक्या धर्माचं कुतूहल घेऊन जात नाही. तो एका मोठ्या कुळातल्या दुसऱ्या घरी जातो.

आणि तिथे त्याला धक्काही बसू शकतो.

असा धक्का मराठी माणसाला पूर्वी बसून गेला आहे. धर्मानंद कोसंबी बुद्धाचा धर्म शिकायला गोव्यातलं घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी करत १९०२ साली नेपाळात पोहोचले. तिथे त्यांना बौद्ध धर्माची जी अवस्था दिसली, तिनं ते निराश झाले आणि बोधगया, कलकत्ता करत श्रीलंकेला गेले. पाली शिकले, भिक्षू झाले. बाबासाहेबही नोव्हेंबर १९५६मध्ये, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बोलले, ते बुद्ध आणि मार्क्स या विषयावर. हिमालयाच्या कुशीत उभं राहून त्यांनी पूजाविधींवर भाषण केलं नाही, माणसाच्या शोषणावर केलं.

तोच वारसा घेऊन लिकिरच्या गोम्प्यात, म्हणजे मठात, पाऊल टाकणाऱ्याला लोण्याचे दिवे, उग्र मुखाचे रक्षक देव, पोथ्यांपुढे घातलेले साष्टांग नमस्कार दिसतील. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या तरुणाला प्रश्न पडेल की हा बुद्धच का? प्रश्न पडायलाच हवा, आणि तो विचारायलाही हवा, फक्त सभ्यपणे आणि समजून घेण्याच्या इच्छेनं. गावातली म्हातारी माळ ओढत मणींच्या भिंतीला उजव्या हाताला ठेवून चालते. त्या भिंतीच्या प्रत्येक दगडावर कोरलेला मंत्र अवलोकितेश्वराचा, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचा आहे. हाच बोधिसत्त्व हातात कमळ धरून अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात उभा आहे. जालन्याहून भोकरदनमार्गे अजिंठा काही तासांवर आहे. लिकिरहून सिंधू नदीच्या पलीकडे थोडं गेलं की आल्ची लागतं. तिथल्या तीन मजली मंदिरात अवलोकितेश्वराची उंच मातीची मूर्ती आहे आणि तिच्या धोतरावर मंदिरं, राजवाडे, माणसं यांची बारीक चित्रं रंगवली आहेत. ती काश्मिरी चित्रकारांच्या हातची, अकराव्या-बाराव्या शतकातली. अजिंठा आधी नीट पाहून मग आल्चीला गेलेल्या मराठी माणसाला तिथे जे दिसेल, ते दिल्लीच्या किंवा बंगळूरच्या पर्यटकाला दिसणं कठीण आहे. आल्चीच्या आत फोटो काढू देत नाहीत, हेही चांगलंच. बघायला वेळ मिळतो.

वसंतात लडाखी गावांत आणखी एक विधी होतो. धर्मग्रंथांचे जाडजूड गठ्ठे पाठीवर बांधून गाव शेतांभोवती फेरी काढतं. पुढे वाद्यं, मागे माणसं, पाठीवर बुद्धवचनं आणि दोन्ही बाजूंना नुकती पेरलेली जमीन. विज्ञाननिष्ठ माणसाला पीक यानं वाढतं असं वाटणार नाही. पण शेत आणि ग्रंथ यांची अशी जोड आपल्या विहारांतून हरवली आहे काय, यावर बोलायला हरकत नसावी.

एक प्रश्न तर मराठी बौद्धानं तिथे आवर्जून विचारावा. लडाखी समाजात मोन, बेदा आणि गारा हे तीन समूह आहेत. वाजंत्री, भटके वादक आणि लोहार. गावाच्या सणाला त्यांच्या वाद्यांशिवाय सुरुवात होत नाही, पण बसायच्या रांगेत त्यांची जागा खाली राहिली आहे आणि सोयरिकीच्या बाबतीत त्यांना दूर ठेवलं गेलं आहे. बौद्ध समाजात हे कसं, असं विचारण्याचा अधिकार मंठ्याच्या माणसाइतका दुसऱ्या कुणाला नसेल. लडाखमधले अनेक सुशिक्षित तरुणही हाच प्रश्न विचारतात. नागपूरची दीक्षाभूमी आणि मिलिंद महाविद्यालय यांच्याबद्दल त्यांना सांगण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ आहे. ट्रेक म्हणजे फक्त घेऊन यायचं नसतं, काही देऊनही यायचं असतं.

हे सगळं घडायचं तर सोबतचा वाटाड्या कोण, यावर बरंच अवलंबून आहे. महाराष्ट्रातल्या काही संस्था आपलाच लीडर पाठवतात आणि स्थानिक माणूस फक्त स्वयंपाकाला किंवा खेचरांमागे असतो. असा लीडर वाट चुकवत नाही, पण झिंगचा बोळा कुणाच्या पाळीला निघतो हे त्याला ठाऊक नसतं, आणि चुरपोनाच्या घरी तो तुम्हाला नेऊ शकत नाही. लडाखी वाटाडे सहसा उत्तम हिंदी बोलतात, त्यामुळे भाषेची सबब चालत नाही. मुलींच्या गटांना घाबरायचं कारण नाही. थिनलास चोरोल यांनी २००९ साली लेहमध्ये केवळ स्त्रियांची ट्रेकिंग संस्था सुरू केली. वाटाड्या मुली, व्यवस्था बघणाऱ्याही मुलीच. त्याआधी, १९८८ साली, सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकमोल ही शिक्षणसंस्था काढली होती. चोरोल तिथेच शिकल्या. नापासाचा शिक्का बसलेल्या मुलांना उभं करणारी ही संस्था मराठवाड्यातल्या शिक्षकांनी बघायलाच हवी.

राहायचं गावातल्या घरात. २००२च्या सुमारास हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबक भागात घरगुती मुक्कामाची योजना सुरू झाली ती हिमबिबट्यासाठी. बिबट्या शेळ्या-मेंढ्या मारायचा, लोक चिडून बिबट्याला मारायचे. पाहुण्यांपासून उत्पन्न मिळू लागलं, गोठे वरून जाळीनं बंद झाले, तसं बिबट्याचं जिवंत असणं गावाच्या फायद्याचं ठरलं. पाहुणे पाळीपाळीनं वेगवेगळ्या घरी पाठवायचे, म्हणजे एकाच घराचं भलं होऊ नये, हा नियम तिथे गावानं घातला. पाण्याला पाळी, पाहुण्यालाही पाळी. लडाखी घराचं स्वयंपाकघर हीच बैठकीची खोली असते: मधे लोखंडी चूल, भिंतीच्या फळ्यांवर तांब्या-पितळेची चकचकीत भांडी ओळीनं मांडलेली, खिडकीखाली बुटकी मेजं आणि गालिचे. घरातली आमा-ले मिठाचा लोण्याचा चहा पुन्हा पुन्हा ओतत राहते. शेवया किंवा कणकेच्या वड्या घातलेली पातळ भाजी रात्रीच्या जेवणाला येते. भाकरीची आठवण येणाऱ्यानं ज्वारीचं पीठ सोबत न्यावं आणि त्या चुलीवर दोन भाकऱ्या थापून घरच्यांना खाऊ घालाव्यात. ओळख होण्याचा याहून लवकर मार्ग नाही.

महाराष्ट्रातल्या ट्रेक संस्थांकडे मागणी साधी आहे. लडाखच्या प्रत्येक गटाला स्थानिक नोंदणीकृत वाटाड्या द्या आणि त्याचं नाव माहितीपत्रकात छापा. लेहमध्ये दोन पूर्ण दिवस विश्रांतीचे ठेवा, एखादं ठिकाण कमी झालं तरी चालेल. एक अख्खा दिवस एकाच गावात न चालता काढू द्या. कचरा परत आणा. दर वाढला तर तो का वाढला, हे ग्राहकाला सांगा. समजून घेणारे ग्राहक मिळतील.

पुण्या-मुंबईच्या संस्था हे करोत न करोत, जालना जिल्ह्यानं थांबायचं कारण नाही. मंठ्याच्या महाविद्यालयांना, पाणलोटात काम करणाऱ्या संस्थांना, विहार समित्यांना मिळून दहा-बारा जणांचा गट काढता येईल. त्यात दोन-तीन शेतकरी असावेत, एखाद्या गावच्या पाणीपुरवठा समितीचा सदस्य असावा, एक शिक्षक, महाविद्यालयातल्या चार मुली आणि बुद्धाची परंपरा वाचलेला एखादा कार्यकर्ता. विमानाची तिकिटं जानेवारीतच काढावीत, रेल्वेची आरक्षण खुलं होताच. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून विमानानं लेह. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. निघण्याआधी सगळ्यांनी एकत्र जाऊन अजिंठा आणि कडवंची पाहून यावं. मग मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लेह, दोन दिवस विश्रांती, लिकिर ते तेमिसगाम चाल, आल्चीला एक दिवस. मृगाच्या आत सगळे घरी परतलेले असतील, पेरणीला कुणाचा खोळंबा नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत या गटातल्या शेतकऱ्यांनी उभं राहून गावच्या तळ्याचं आणि सार्वजनिक विहिरींचं पाणी पाळीनं वाटण्याचा ठराव मांडावा, आणि पहिल्या वर्षाचा पाटकरी कोण, त्याचं नावही त्याच सभेत सुचवावं.